तिकीट काढून येणारी माणसे

परवा एका पालकांनी मुलाचा दाखला मागितला. "सर, उर्दू तर घरात आहेच. पुढं इंग्रजीच कामी येणार." बी.एड.ला आम्ही मातृभाषेतील शिक्षणावर पानेच्या पाने लिहिली होती. त्या क्षणी एक ओळ सुचली नाही. सुचणार कशी? आमची धाकटी लेक इंग्रजी शाळेत जाते.

त्या रात्री ग्रीसचा चित्रपट-निर्माता फिलोपिमिन फिनोस आठवला. 1930 नंतर जगभर चित्रपट बोलू लागले, पण ग्रीसमध्ये धड साधने नव्हती. काही ग्रीक बोलपट तर इजिप्तमध्ये तयार झाले. भाषा घरची, आवाज परमुलखातला! 1908 साली जन्मलेला फिनोस यंत्रांत रमणारा माणूस. ध्वनिमुद्रणाची सामग्री त्याने स्वतः जुळवली आणि महायुद्धाच्या तोंडावर मायदेशातच बोलपट तयार केला.

मग जर्मन आले. 1941-42च्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसे भुकेने मेली. त्याच अथेन्समध्ये 1943 साली त्याने 'फिनोस फिल्म' काढली. पहिल्या चित्रपटाचे नाव 'हृदयाचा आवाज'.

1950च्या सुमारास ग्रीसची लोकसंख्या जेमतेम पाऊण कोटी. एवढ्याशा भाषेत त्याच्या कंपनीने 175हून अधिक चित्रपट काढले. 1959च्या एका शाळेवरील विनोदी चित्रपटाचे नाव होते 'मार जन्नतमधून आला'. आम्हा मास्तरांना हसावे की शरमावे कळेना! 1970 साली 'लेफ्टनंट नताशा' या चित्रपटाची एकट्या अथेन्स परिसरात सुमारे साडेसात लाख तिकिटे खपली.

पुढे टीव्हीने प्रेक्षक ओढून नेले. 1977 साली फिनोस वारला आणि कंपनीची निर्मितीही थांबली. आज मात्र त्याच टीव्हीवर ग्रीक घराघरांत त्याचे चित्रपट पाहिले जातात.

आम्हाला एवढेच उमगले की, नुसत्या भाषाप्रेमाच्या हाकेवर थिएटर भरत नाही. माणसे खिशातले पैसे मोडून येतील असे काम त्याने त्या भाषेत करून ठेवले. आम्ही मात्र पालकांना जबानची कसम घालतो, आणि प्रयोगशाळेच्या कपाटाला वर्षभर कुलूप!

दाखला आम्ही लिहून दिला. मग शिपाईमामांकडे कपाटाची किल्ली मागितली. ती सापडायला अर्धा तास लागला.