आंबोलीतली झाडलोट

आंबोलीला लोक पाऊस बघायला जातात, धबधब्याखाली भिजायला जातात, धुक्यात हरवून कणसे खायला जातात. मी गेले ती झाडलोट करायला! दिवाळीच्या अंकात झाडलोटीची गोष्ट शोभेल. पण त्यासाठी आंबोली कशाला गाठायची, असे तुम्ही विचाराल. तर त्याचे असे झाले, की आमच्या वन्सं आंबोलीला दिलेल्या. कोकणात वर्षाची मोठी झाडलोट दिवाळीला नसते, चतुर्थीला असते. गणपती घरात यायचे म्हणजे माळ्यापासून मोरीपर्यंत सगळे घर निघते. त्यात यंदा वन्संचा हात दुखावलेला. "वहिनी, आठ दिवस येतेस का?" असा फोन आला, आणि मी पुण्याहून निघाले.

निघाले ती रिकाम्या हाताने नव्हे. गेली दोन वर्षे मला घरच्या घरी सफाईची द्रव्ये करण्याचा नाद लागला आहे. बाजारच्या झगझगीत बाटल्यांतल्या उग्र वासाने माझे डोके उठते. तेव्हा संत्र्याच्या साली व्हिनेगरमध्ये पंधरा दिवस मुरवलेली एक बाटली, किलोभर रिठे, खाण्याचा सोडा, आणि गवती चहा, निलगिरी व लवंग यांच्या सुगंधी तेलाच्या तीन चिमुकल्या कुप्या, एवढा सरंजाम मी पिशवीत भरला. हे म्हणाले, "नणंदेकडे निघालीस की दवाखाना काढायला?" मी लक्ष दिले नाही.

सावंतवाडीला मोती तलावाकाठी चहा घेतला आणि एस. टी. पकडली. दाणोलीला साटम महाराजांच्या समाधीला बसमधूनच हात जोडले, की घाट लागतो. सावंतवाडीपासून जेमतेम तीस किलोमीटर. पण तेवढ्यात माणूस घामाच्या प्रदेशातून उचलून ढगात ठेवला जातो. घाटातल्या मोठ्या धबधब्याशी बस आली तेव्हा काचेबाहेर काही दिसत नव्हते. नुसता पाण्याचा आवाज येत होता. गाव सुमारे सातशे मीटर उंचीवर, आणि वर्षाचा पाऊस सातशे सेंटिमीटरांच्या घरात. आमच्या पुण्याच्या जवळजवळ दहापट! कावळेसादच्या कड्यावर तर दरीत पडणारे पाणी वाऱ्याने उलटे अंगावर येते. जिथे खाली गेलेले पाणीही परत येते, तिथे घरातली ओल काय म्हणून जाईल?

वन्संच्या घरात पाऊल टाकले आणि ओलीचा तो वास नाकात शिरला. कपाटाच्या दारांवर पांढरा बुरा, चपलांवर हिरवा, पोथ्यांच्या पुठ्ठ्यांवर करडा. लाकडी पाटांवर तर नक्षी काढावी तशी बुरशी. देवघरातल्या समया काळवंडलेल्या. मनात म्हटले, चला, माझ्या कुप्यांना रणांगण मिळाले.

पहिल्या दिवशी रिठे उकळले. कृती सोपी आहे. दहाबारा रिठे फोडून बिया काढायच्या, साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी पाव तास उकळून, कुस्करून गाळायच्या. त्या सालीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. त्यानेच फेस येतो आणि तेलकटपणा सुटतो. सुगंधी तेल नुसत्या पाण्यात मिसळत नाही, वर तरंगत राहते. रिठ्याच्या पाण्यात मात्र पाचसहा थेंब टाकून बाटली हलवली, की ते पांढुरके होऊन विरते. हे पाणी तीनचार दिवसांत आंबते, म्हणून थोडे थोडेच करावे. गवती चहाचे थेंब पडताच सारे घर लिंबासारखे दरवळले. वन्संच्या सासूबाई, माई, ओटीवर बसून हे बघत होत्या. त्यांनी परसाकडे बोट दाखवले. तिथे गवती चहाचा भलामोठा ठोंब उभा होता. "घरचां सोडून बाटलीतलां कित्याक गो?" त्यांनी विचारले.

मी त्यांना समजावले, की पानांचा काढा वेगळा आणि तेल वेगळे. भट्टीवर वाफ पानांतून न्यायची, ती थंड करायची, की पाण्यावर तेलाचा तवंग येतो. टोपलीभर गवतातून जेमतेम काही चमचे. आपल्या खानदेशात रोशा गवताच्या अशा भट्ट्या रानोरान लागत असत. ते तेल मुंबईच्या बंदरातून तुर्कस्तानापर्यंत जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई! माईंना ही भेसळीची गोष्ट मात्र फार आवडली.

दुसऱ्या दिवशी माझी फजिती झाली. व्हिनेगरने कपाटांवरचा बुरा छान निघाला, तसा माझा हुरूप वाढला, आणि मी तेच पाणी स्वयंपाकघरातल्या काळ्याभोर कडाप्प्याच्या ओट्यावर सढळ हाताने ओतून ठेवले. तासाभराने पुसते तो ओट्यावर फिक्कट डाग! कडाप्पा काय, शहाबादी काय, ह्या चुन्याच्या जातीच्या फरश्या. आंबट पडले की त्यांची झिलई खाल्ली जाते. आणखी एक शहाणपण मी तोवर मिरवत होते: व्हिनेगर आणि सोडा एकत्र करायचा. फसफसते खूप, पण दोघे एकमेकांना मारतात आणि हाती उरते जवळजवळ खारट पाणी. वन्सं काही बोलल्या नाहीत. डागांवर त्यांनी पोळपाट ठेवला आणि म्हणाल्या, "राहू दे गं, आठवण राहील."

तिसऱ्या दिवशी समया माईंनी स्वतःकडे घेतल्या. वाटीभर पाण्यात आमसुले भिजत घातलेली. त्यांचा लालभडक कोळ पितळेवर चोळला, की काळे थर जणू वितळून जात होते. आंबटातले आम्ल धातूवर चढलेला थर विरघळवते, एवढेच त्यातले शास्त्र. वरून चुलीतली चाळलेली राख आणि नारळाच्या सोडणाचा चोथा. राखेत खार असतो. तो तुपातेलाशी मिळून जागच्या जागी साबणासारखे काम करतो. मग चटकन धुऊन कोरड्या फडक्याने पुसायचे. आमसुलाचा अंश राहिला तर दुसऱ्या दिवशी हिरवे डाग. समया अशा उजळल्या, की माझ्या तिन्ही कुप्या मला एकदम पोरकट वाटू लागल्या.

आणि बुरशी? चौथ्या दिवशी कपाटावर पुन्हा पांढरी छटा! निलगिरीचा वास दरवळत होता, पण बुरशीला त्याचे काहीच वाटले नव्हते. माईंनी शेगडीत निखारे घालून ती खोलीत ठेवली, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला लावले, दारेखिडक्या उघड्या. दुपारी घटकाभर ऊन पडले तसे सगळे पाट अंगणात. ओल हटली तरच बुरशी हटते. सुगंध हा त्यावरचा दागिना.

पण खरी गोष्ट पाचव्या दिवशीची. फरशी पुसून झालेली बादली घेऊन मी मागच्या व्हाळाकडे निघाले. रिठ्याचे पाणी, त्यात लवंगेचे तेल. सारे नैसर्गिक, मग चिंता कसली? बादली वाकडी करणार, इतक्यात मागून माईंचा आवाज आला, "अगो, तां व्हाळात ओतू नको! थंय मासे आसत. केळीच्या बुडात ओत."

"माई, हे साबणाचे नाही, रिठ्याचे आहे."

"म्हणानच सांगतंय," त्या म्हणाल्या. त्यांच्या माहेरी, घाटाखाली, पूर्वी गेळफळे कुटून डोहात टाकीत. मासे गुंगून उताणे वर येत आणि पोरे टोपलीत भरीत. गेळफळाचाही फेस होतो, रिठ्याचाही होतो.

मी बादली घेऊन तशीच उभी राहिले. कारण माई अक्षरशः बरोबर होत्या. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक. आणि लवंगेच्या तेलातले युजेनॉल? मत्स्यशास्त्रज्ञ माशांना बेशुद्ध करायला तेच पाण्यात घालतात! झाडापासून आलेले म्हणजे निरुपद्रवी, हे मी दोन वर्षे धरून बसले होते.

त्याच संध्याकाळी वन्संनी मला हिरण्यकेशीला नेले. झाडीतली वाट, गुहेच्या तोंडाशी देवीचे मंदिर, आणि आतून निघालेले गार पाणी समोरच्या कुंडात. इथे नदी जन्मते. याच पाण्यात २०२० साली शास्त्रज्ञांनी माशाची एक नवी जात नोंदवली. अंगावर सोनेरी झाक, लांबीला बोटाहून लहान. नाव ठेवले शिस्टुरा हिरण्यकेशी. लोक त्याला देवाचा मासा म्हणतात. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मी कुंडाशी वाकून बराच वेळ पाहिले. मासा दिसला की तळाचा खडा हलला, हे काही सांगवत नाही.

पण त्या पाण्याकडे बघताना पुढचा रस्ता डोळ्यांपुढे आला. हेच पाणी आजऱ्याला जाते, गडहिंग्लजला जाते, कर्नाटकात घटप्रभेला आणि तिथून कृष्णेला मिळते. कितीतरी घरांच्या घागरी त्यावर भरतात. आंबोलीतली बादली वाटेतल्या साऱ्यांच्या दारावरून जाणार. उगमाशी राहणाऱ्याला हे दिसते. आपल्याला मोरीच्या जाळीखाली काहीच दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

चतुर्थीचा पहिला दिवस पाहून मी परतले. येताना माईंनी पिशवीत आमसुले आणि गवती चहाचा एक ठोंब घातला. तो आता गॅलरीतल्या कुंडीत बरा रुजला आहे. यंदाच्या दिवाळीच्या झाडलोटीत लवंगेची कुपी मी काढलीच नाही. रिठे उकळले, पण निम्मे; समया आमसुलाने घासल्या; माळा आधी कोरडा केला आणि मग पुसला. शेवटची बादली घेऊन मी जिना उतरले आणि वाड्यातल्या पारिजातकाच्या बुंध्याशी रिकामी केली.

ह्यांनी वरून विचारले, "मोरी तुंबली की काय?"

"नाही," मी म्हटले, "खाली मासे असतात."

हे बराच वेळ खिडकीशी उभे होते. पुण्याच्या मुठेत कुठले आले आहेत मासे, असे म्हणतील, असे वाटले होते. पण काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहते तो बादली घेऊन तेच जिना उतरत होते.