सुपारीच्या खांडाचे व्यसन

सोयरीक जुळविताना मुलाची बाजू मांडणारे लोक एक वाक्य हमखास उच्चारतात : 'मुलाला सुपारीच्या खांडाचेसुद्धा व्यसन नाही.' या एका वाक्यात आपल्या समाजाने व्यसनांची उतरंडच रचून ठेवली आहे. तळाशी निरुपद्रवी सुपारी, तिच्यावर पान, तपकीर, मिश्री, तंबाखू, विडी, मग दारू, आणि अगदी वर, ज्याचे नाव घेताना आवाज आपोआप खाली येतो, ते गर्द.

कायद्याने या उतरंडीवर आपली एक रेघ ओढली. रेघेच्या अलीकडचे दुकानात राजरोस मिळते, पलीकडचे चोरून. माणसाच्या शरीराला मात्र ही रेघ दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तंबाखूवाचूनची नुसती सुपारीदेखील कर्करोगाला कारण होते, असा निर्वाळा दिला. सुपारीने तोंडाच्या आतले अस्तर ताठर होत जाते, तोंड उघडेनासे होते, आणि पुढे तेथेच कर्करोग उद्भवू शकतो. उतरंडीतले जे मडके आपण निर्दोष मानले, तेही रिकामे नव्हते.

माझ्या आत्याच्या हातची मिश्री आळीत नावाजलेली होती. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची आणि मऊ कुटून डबीत भरायची. भाजल्यावर तंबाखूची तंबाखू राहत नाही, दातांचे औषध होते, अशी तिची समजूत. आळीतल्या सगळ्याच बायकांची होती. तिला कोणी व्यसनी म्हटले असते, तर तिने त्याला उंबऱ्याच्या आत घेतले नसते. पुढे तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला. दुखत नव्हता, म्हणून तिने तो कोणाला दाखविला नाही. दुखू लागला तेव्हा उशीर झाला होता. तिची समजूत खोडून काढणारे एक साधे वाक्य तिच्या उभ्या आयुष्यात कोणी उच्चारले नाही.

उपदेशाची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' 1919 साली रंगभूमीवर आले. सिंधूसाठी कित्येक पिढ्यांनी डोळे पुसले, आणि तळीराम हे नाव तर भाषेत सामान्यनाम होऊन बसले. नाटकाने आपले काम केले. परंतु समाजाने त्यातून उचलली ती मुख्यतः लाज. लाजेने माणूस लपवू लागतो, आणि जे लपवायचे त्याविषयी प्रश्न विचारता येत नाही.

जून 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली. अशा दारूतले मिथाइल अल्कोहोल डोळ्यांना किंवा नाकाला सहसा वेगळे ओळखू येत नाही. ते तत्काळ मारीतही नाही. यकृतात त्याचे सावकाश फॉर्मिक आम्ल होते. त्रास सुरू व्हायला बारा ते चोवीस तास, कधी त्याहूनही अधिक वेळ जातो. मग पोटात कळा, धाप, डोळ्यांपुढे धुके. पिणारा म्हणतो, उतरेल. घरचे म्हणतात, झोपू द्या. याच झोपेत उपचाराची वेळ निघून जाते. वास्तविक या विषावर उतारा आहे, रक्त शुद्ध करण्याची सोय आहे. प्यायल्यानंतर, मग ते दुसऱ्या दिवशी का असेना, नजर धूसर झाली तर तडक रुग्णालय गाठावे, एवढे वाक्य घराघरांत पोहोचायला हवे. ते कोणालाही दारू पिण्यास सांगत नाही.

पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' सुरू केले. व्यसन हा आजार आहे, ही दृष्टी मराठी घरांत रुजविण्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे. या आजाराचा एक विशेष मात्र अजून पुष्कळ घरांना ठाऊक नसतो. गर्द सोडलेल्या माणसाचे शरीर जुनी सवय विसरते, मन विसरत नाही. काही आठवड्यांनी पाय घसरून त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर त्याचा श्वास बंद पडू शकतो. म्हणजे मुलगा बरा होऊन घरी आला, या आनंदाचे पहिले दिवस हेच अधिक धोक्याचे. आईबाप हे बोलायला कचरतात. बोललो तर घसरण्याला परवानगी दिल्यासारखे होईल, असे त्यांना वाटते. ही भीती समजण्यासारखी आहे. पण त्या मौनाची किंमत फार मोठी असते.

मी शिक्षक होतो. शाळेत दरवर्षी व्यसनमुक्तीचा सप्ताह होई. मुले कवटीची चित्रे काढीत आणि हात पुढे करून शपथ घेत. एका वर्षी शपथ संपल्यावर सातवीतली एक मुलगी उभी राहिली. "सर, माझी आजी तंबाखू खात नाही, मिश्री लावते. ते चालते ना?" हशा पिकला. मी तो थांबविला, कारण आठवडाभरात विचारला गेलेला तो पहिला खरा प्रश्न होता. उरलेला तास आम्ही मिश्रीवरच बोललो. तोंडातला चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर तो दुखत नसला तरी डॉक्टरांना दाखवावा, हे मी फळ्यावर लिहिले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तीन मुले माझ्याकडे आली. प्रत्येकाच्या घरात कोणाच्या ना कोणाच्या तोंडात चट्टा होता. आणि त्या तिन्ही घरांत मिश्रीला कोणी व्यसन म्हणत नव्हते.