कोऱ्या तबकडीवरची ओवी

गेल्या कार्तिकात एका सकाळी, वर्गावर जाण्याच्या घाईत असताना, भोर तालुक्यातल्या एका खेड्यातून फोन आला. बोलणारी मुलगी मला आठवत नव्हती. तिची आजी मात्र पुरती आठवत होती. २००५ सालच्या उन्हाळ्यात माझ्या प्रबंधासाठी मी त्या आजींच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. सारा गाव त्यांना आक्का म्हणत असे, म्हणून मीही म्हणू लागले. आक्का २०११ साली गेल्या. आता नातीचे लग्न ठरले होते. वैशाखात हळद होती. ती म्हणाली, “ताई, आमच्याकडे आजीचा फोटो आहे, आवाज नाही. तो तुमच्याकडे असेल ना?”

“आहे,” असे मी म्हणाले. ते खरे होते, आणि खरे नव्हतेही.

माझा प्रबंध मराठी ओवी आणि भोजपुरी जँतसार यांच्या तुलनेचा. दोन्ही जात्यावरची गाणी, दोन्ही बायकांची. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला आहे. त्या डोंगरापुढे माझे काम मूठभर पिठाचे. शिष्यवृत्ती तुटपुंजी होती, म्हणून मायदेशी परतणाऱ्या एका संशोधकाकडून मी त्याचे वापरलेले मिनिडिस्क यंत्र विकत घेतले. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते : तळहातावर मावणारे एक यंत्र, आणि प्लास्टिकच्या चौकोनी कवचात बंद असलेली ६४ मिलिमीटर व्यासाची तबकडी. १९९२ साली हा प्रकार जपानमधून बाजारात आला. लेसर किरण तबकडीवरचा एक सूक्ष्म ठिपका तापवतो. दुसऱ्या बाजूचे चुंबकीय टोक त्याच क्षणी त्या ठिपक्याची दिशा ठरवते. ठिपका निवला की ती दिशा तेथे गोठून राहते. एका तबकडीवर ७४ मिनिटे मावत. फीत गुंतण्याची भीती नाही, बोटांचे डाग पडण्याची नाही. पंचविशीतल्या मला ते यंत्र अमर वाटले होते.

त्याची एक खोड मात्र मला पुरेशी कळली नव्हती. तबकडीच्या आतल्या कडेला थोडी जागा राखून ठेवलेली असते. तेथे अनुक्रमणिका लिहिली जाते : कोणता भाग कोठे सुरू होतो, कोठे संपतो. ही अनुक्रमणिका गाणे चालू असताना लिहिली जात नाही. ध्वनिमुद्रण थांबवल्यावर, सर्वांत शेवटी लिहिली जाते. त्याआधी वीज तुटली, तर गाणे तबकडीवर उमटलेले असते पण त्याची नोंद नसते. आणि यंत्र तर नोंदीवाचून काहीच मानीत नाही.

त्या पहाटे नेमके तेच झाले. गावात गिरणी येऊन कित्येक वर्षे लोटली होती. जाते आता फक्त हळदीपुरते फिरत असे. पण आक्कांना नुसते बसून ओवी आठवत नसे. खुंट्याला हात लागला, दगड घरघरू लागला, की ओळी आपोआप येत. म्हणून त्यांनी माझ्यासाठी जाते मांडले, पसाभर जोंधळे घेतले. दगडाची थरथर मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून मी तो गोधडीच्या घडीवर ठेवला. बराच वेळ त्या गात होत्या आणि मी कागदावर अक्षरे ओढीत होते. मान वर करून पाहिले तेव्हा यंत्राचा दिवा विझलेला होता. सेल बदलून पुन्हा लावले, तर चिमुकल्या पडद्यावर दोनच शब्द उमटले : ‘ब्लँक डिस्क’. मी आक्कांना काही बोलले नाही. वहीत शब्द उतरले होते, प्रबंधाला तेवढे पुरत होते. तरीही ती तबकडी मी पुन्हा वापरली नाही. कवचावर पेन्सिलीने फुली मारून ठेवून दिली.

माझ्याकडे अशा ३१ तबकड्या. त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात, असे मी वर्षानुवर्षे म्हणत होते. वीस झाल्या, अकरा राहिल्या. आळस होताच, पण एक अडचणही होती. त्या काळच्या या छोट्या यंत्रांना ध्वनी अंकरूपात आत घेण्याची मुभा होती, अंकरूपात बाहेर देण्याची नव्हती. गाण्यांच्या नकला होतील, या धास्तीने ती वाट बांधतानाच बुजवलेली होती. जात्यावर गाणाऱ्या बाईचा आवाज आणि दुकानातल्या तबकडीवरून चोरलेले चित्रपटगीत, यांतला भेद यंत्राला कळण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून माझ्याच ध्वनिमुद्रणाची प्रत काढायची तर ते पूर्ण वेळ वाजवायचे आणि कानाला लावण्याच्या तारेतून जो आवाज येईल तो दुसरीकडे टिपायचा : एका तासाला एक तास. पुढे २००६ साली ही आडकाठी दूर करणारे एक यंत्र निघाले. तोवर माझी शिष्यवृत्ती संपली होती. २०११ साली खिशातली ध्वनिमुद्रण यंत्रे बनणे थांबले, २०१३ साली उरलेली वाजवण्याची यंत्रे थांबली, आणि २०२५च्या फेब्रुवारीत कोऱ्या तबकड्याही संपल्या. निर्माते घर सोडून गेले, दाराचे कुलूप तेवढे मागे राहिले.

आपण साहित्याचे अभ्यासक ‘जतन’ हा शब्द फार सैलपणे वापरतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधलेले आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. तरीही मोडी वाचणारा मनुष्य नसेल तर त्या रुमालांत आणि रद्दीत व्यवहारतः काय अंतर उरते? पण मोडी निदान माणसाला शिकवता येते. चार महिने घासले की डोळा बसतो. माझ्या तबकडीचे अक्षर माणसाच्या डोळ्याला कधीच दिसणार नव्हते. तिचा वाचक म्हणजे ते यंत्र, आणि ते यंत्रच आता आजारी होते. वाजत असे, पण चुंबकीय टोकाला जोडलेली कागदासारखी पातळ पट्टी तुटल्यामुळे तबकडीवर काही लिहू शकत नसे. आणि मला नेमके लिहायचे होते.

दिल्लीत लाल किल्ल्यासमोर लाजपतराय मार्केट आहे. तेथे तारांच्या आणि ध्वनिवर्धकांच्या गर्दीत, जिना चढून गेल्यावर, एका वृद्ध कारागिराची चार हातांची खोली मला सापडली. त्यांनी यंत्र उघडले, भिंगातून पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, पुर्जा बाजार में नहीं है. किसी मरी हुई मशीन से निकालना पड़ेगा.” अशी एक मेलेली मशीन मिळवण्यात माझे तीन महिने गेले. पुण्यातल्या एका मित्राच्या माळ्यावर ती निघाली. तिचा लेसर गेला होता, टोक शाबूत होते. दोन मोडक्या यंत्रांचे मिळून एक चालते यंत्र झाले. आक्कांचा आवाज टिपणारे ते हेच का, हा प्रश्न त्या कारागिरांना पडला नाही. मला पडला, पण त्या खोलीत तो उच्चारण्याची लाज वाटली.

पुढचे काम त्याहून नाजूक होते. या यंत्रांवर जीव असलेली हौशी मंडळी जगभर विखुरलेली आहेत, आणि नोंद हरवलेली तबकडी वाचवण्याची कृती त्यांनीच शोधून लिहून ठेवली आहे. दुसरी एक तबकडी घ्यायची. तिच्यावर ७४ मिनिटांची निव्वळ शांतता ध्वनिमुद्रित करायची, म्हणजे तिच्या अनुक्रमणिकेत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सलग भाग नोंदला जातो. मग त्या भागाला नाव देण्यासारखा एखादा किरकोळ बदल करायचा, पण तो पक्का होऊ द्यायचा नाही. यंत्र सुधारलेली अनुक्रमणिका मनात धरून थांबलेले असते. याच वेळी, झाकण उघडल्याचे यंत्राला सांगणारी कळ कागदाच्या घडीने दाबून ठेवून, तबकडी हळूच बदलायची. यंत्राला वाटते, जुनीच तबकडी आत आहे. थांबण्याचे बटण दाबले की ते शांततेची अनुक्रमणिका आपल्या तबकडीवर लिहून टाकते. म्हणजे एक खोटी अनुक्रमणिका खऱ्या ग्रंथाला चिकटवायची, आणि तिच्या बळावर तो ग्रंथ उघडायचा. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या बाईला हे पचायला जड गेले.

आधी बिनमहत्त्वाच्या दोन तबकड्यांवर प्रयोग केला. पहिला फसला, दुसरा साधला. मग फुलीची तबकडी. कारागिरांनी बटण दाबले. पडद्यावर काही क्षण काहीच नव्हते, आणि नंतर ७४ मिनिटांचा एक भाग उमटला.

प्रथम ऐकू आली ती जात्याची घरघर. मग आक्का. वहीतल्या ओव्या मला तोंडपाठ होत्या. वीस वर्षे मी त्या शिकवीत आले आहे. तरीही त्या मी प्रथमच ऐकत होते, असे म्हटले पाहिजे. ओळ कोठे तुटते हे मी प्रबंधात ठामपणे लिहिले होते. प्रत्यक्षात आक्का तेथे श्वास घेत नव्हत्या. दाणे घालायला हात खुंट्यावरून सुटे, जाते मंद होई, आणि तेथे ओळ थांबे. माझ्या छंदविचाराचे एक अख्खे प्रकरण पसाभर जोंधळ्यांनी निकालात काढले.

चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास त्या गाता गाता थांबल्या. “लेकी, ह्ये किती दिस टिकंल गं?” मागून एक तरुण, आत्मविश्वासाने भरलेला आवाज आला, “कायमचं, आक्का.” तो आवाज माझा होता. आक्का हसल्या, पुढची ओवी सुरू केली, आणि तिच्या मधोमध आवाज तुटला.

यंत्र मात्र थांबले नाही, कारण त्याच्या नोंदीप्रमाणे अजून बराच भाग उरला होता. क्षणभर खरखर झाली, आणि एका अगदी वेगळ्या गळ्यातून जँतसार सुरू झाली. मला उमगायला थोडा वेळ लागला. ही बलियाकडची बाई. २००४च्या हिवाळ्यात तिची गाणी मी याच तबकडीवर घेतली होती. शब्द उतरवून झाल्यावर ती पुसून टाकली, कारण कोऱ्या तबकड्या महाग होत्या. शब्द घेतले की गाणे घेतले, असे मी तेव्हा खरोखरच समजत होते. पुसणे म्हणजे केवळ नोंद पुसणे. मूळ आवाज, त्यावर नवे काही उमटेपर्यंत, तेथेच असतो. आक्कांच्या आवाजाने पहिली एकेचाळीस मिनिटे झाकली होती. उरलेली तेहेतीस वाचली होती. आक्कांची वीज संपली नसती, तर तीही गेली असती. त्या बाईचे गाव मला ठाऊक आहे. ती हयात आहे की नाही, ते विचारण्याचे धैर्य मी अजून गोळा करते आहे.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, जेथे पाठ निःशंक नाही तेथे त्याखाली लहरी रेघ मारलेली असते. या तबकडीची जी प्रत मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवली आहे, तिच्यासोबत एक टिपण जोडले आहे : कोणते यंत्र, त्यात कोणत्या यंत्राचे टोक, अनुक्रमणिका कोणाची, भागांच्या सीमा कोणी ठरवल्या. ही माझी लहरी रेघ. राहिलेल्या अकरा तबकड्यांपैकी आणखी सात आतापर्यंत उतरल्या आहेत. लेसर मंदावत चालला आहे, म्हणून क्रम लावावा लागतो. कोणाचा आवाज आधी आणि कोणाचा मागे, हे ठरवताना हात कापतो.

वैशाखात मी भोरला गेले. हळदीच्या वेळी नातीने मोबाइलवर आजीचा आवाज लावला आणि बायका जात्याशी बसल्या. जाते नीट दळेना. हळकुंडे नुसती फुटत राहिली. दगड गुळगुळीत झाला होता. पूर्वी टाकी लावणारे लोक वर्षातून एकदा दारावर येत, दगड ठोकून खरखरीत करून देत. आता कोणी येत नाही, असे नातीच्या आईने सांगितले. मग घरातल्याच एका म्हाताऱ्या मामांनी छिन्नी मागवली, उंबऱ्यापाशी बसून दगडावर जमेल तशा खुणा घातल्या. अर्धा तास गेला. तोवर आक्का गात होत्या. ओवी मधेच तुटली, तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एका बाईने पुढची ओळ उचलली. ती माझ्या वहीत नव्हती.