अट कोण लिहितो?

आपली पोरं एमएस-सीआयटी करतात, कारण सरकारी नोकरीला प्रमाणपत्र लागतं. त्यात संगणक वापरणं येतं, त्याला हुकूम देणं येत नाही. म्हणून भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या विहारात आम्ही पायथनचे साधे प्रोग्राम लिहायला लागलो. चित्र नाही, रंग नाही, नुसती काळी स्क्रीन. तिने वार्षिक उत्पन्न विचारायचं आणि पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते छापायचं.

अनुसूचित जातींसाठी मर्यादा अडीच लाखांपर्यंत. अटीत नुसतं ‘पेक्षा कमी’चं चिन्ह टाकलं, तर नेमकं २,५०,००० उत्पन्न असलेल्या घरातला विद्यार्थी बाहेर फेकला जातो. त्यापुढे बरोबरचं चिन्ह जोडलं की तोच पात्र ठरतो.

संगणक जात पाहत नाही, असं म्हणतात. खरंय, तो फक्त अट पाहतो. पण अट माणूस लिहितो! महाडीबीटीवर अर्ज भरणारे आपण. नियमाचा प्रोग्राम करणाऱ्यांत आपण किती? मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनी घटना समितीत कलमातल्या शब्दाशब्दाचा खुलासा केला, तो उगाच नाही.

मित्रांनो, यादीत नाव शोधता, तशी अटही लिहायला शिका.

जय भीम!