नागभीड ते मक्का: ई-सिमचे चार शब्द

नागभीड जंक्शनवर गोंदिया–बल्लारशा मार्गाला नागपूरचा फाटा मिळतो. कोणत्या मार्गाची गाडी धरायची, हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. नागपूरहून उमऱ्याला निघणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या मोबाइलमध्येही आता असेच दोन मार्ग असतात: आपले भारतीय सिम आणि परदेशातले ई-सिम.

ई-सिम ही फोनमध्येच बसवलेली चिप. *#06# दाबल्यावर 'ईआयडी' क्रमांक दिसला, तर बहुधा ती आपल्या फोनमध्ये आहे.

'प्रोफाइल' म्हणजे क्यूआर कोड स्कॅन करून उतरवलेले कनेक्शन. कोड बहुतेक वेळा एकदाच चालतो. म्हणून घरीच, चांगल्या इंटरनेटवर, प्रोफाइल उतरवा आणि नंतर ते पुसू नका.

'डेटा-ओन्ली' म्हणजे फक्त इंटरनेट, नवा नंबर नाही. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर चालते. नंबर बदलायचा का असे विचारले, तर नको म्हणा.

'डेटा रोमिंग' ई-सिमचे सुरू आणि भारतीय सिमचे बंद ठेवा. नाहीतर बिल फुगते. बँकेचे ओटीपी हवे असतील, तर भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग आधीच सुरू करून घ्या.

'व्हॅलिडिटी' कधीपासून मोजतात, हे विकत घेतानाच विचारा. काही प्लॅनचे दिवस तिथले नेटवर्क मिळाल्यावर सुरू होतात, काहींचे लगेच.

मदीनेत रियाजुल जन्नाचा परवाना 'नुसुक' अ‍ॅपवर घ्यावा लागतो. हरमच्या गर्दीत अम्मी-अब्बांची चुकामूक झाली, तर आधार फोनचाच. म्हणून बॅग भरताना त्यांना शेजारी बसवून हे शब्द एकदा समजावून द्या. सफर सोपी होईल, इन्शाअल्लाह.