दहाचा फ्यूज

आमच्या घरी फ्यूज घालायचं काम आईचं. वडील एसटीत कंडक्टर. मुक्कामी गाडीची ड्यूटी लागली की रात्रीचे घरी नसत, आणि कराडच्या त्या भाड्याच्या घरातला फ्यूज नेमका रात्रीच जायचा. आई भिंतीशी पाट ठेवायची, पायात रबरी स्लिपर घालायची, मेन स्विच खाली ओढायची आणि किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार धरणारा चिनीमातीचा ठोकळा, उपसून कंदिलाच्या उजेडात न्याहाळायची. पांढऱ्या चिनीमातीवर काजळी फासलेली दिसली तर म्हणायची, "कुठंतरी शॉर्ट झालंय, आधी ते शोधा." काजळी नसली, तार नुसती मधोमध वितळून तुटलेली असली, तर, "लोड झाला. शेगडी बंद करा."

हे तिला कोणी शिकवलं होतं ठाऊक नाही. बहुधा वायरमनला काम करताना बघून उचललं असावं. पुढे मी भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी केलं, त्याच विषयावर पोट भरलं, तेव्हा कळलं की निदान अचूक होतं. शॉर्टमध्ये प्रवाह इतका अफाट वाढतो की तारेची वाफ होऊन काजळी उडते. लोड थोडाच जास्त असेल तर तार तापत तापत, सावकाश वितळते.

शेजारच्या काकांचा फ्यूज मात्र कधीच जात नसे, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पुठ्ठ्याला गुंडाळलेली पाच अँपिअरची फ्यूज वायर आई एकपदरी लावायची. काका तीच तिपेडी पिळून ठासायचे. त्यांच्याकडे हीटर, इस्त्री, शेगडी सगळं एकदम चाले. उन्हाळ्यात त्यांच्या भिंतीवरच्या लाकडी पट्टीजवळ गेलं की जळक्या रबराचा वास यायचा. आई म्हणायची, "तार जाड घातली की फ्यूज जात नाही, घर जातं." काकांचं घर काही गेलं नाही. जगात तिपेडी फ्यूजवाले बहुतेक सुखरूप सुटतात, म्हणून तर ही विद्या टिकून आहे.

वर्गात शिकवताना पुस्तकात असायचं, फ्यूजची तार शिसे आणि कथील यांच्या संमिश्राची. मी फळ्यावर तेच लिहायचे आणि मग पर्समधून दुकानातली तार काढून दाखवायचे. ती असायची तांब्याची, वर कथलाचा मुलामा दिलेली. मुलांना पुस्तक चूक निघाल्याचा आनंद व्हायचा. पुस्तक अगदीच चूक नव्हतं, बाजार पुढे गेला होता. विजेच्या वाटपात फ्यूज बसवण्याचं पेटंट एडिसनने १८९० मध्ये घेतलं, पण मला त्याच्याही आधीचा ब्रेगे आवडतो. त्या फ्रेंच गृहस्थाने १८४७ मध्येच सुचवलं होतं की तारघराकडे येणाऱ्या वाहकाचा एक तुकडा मुद्दाम बारीक ठेवा, म्हणजे वीज कोसळली तर तो जळेल आणि आतलं यंत्र वाचेल. मुद्दाम एक जागा कमकुवत ठेवायची, हा विचार सुचायला धाडस लागतं. आपल्याकडे तर सगळं मजबूत हवं असतं.

फ्यूज नेमका कोणाला वाचवतो, हा प्रश्न मी दर वर्षी विचारायचे. मुलं म्हणायची, टीव्हीला, फ्रिजला, दिव्याला. उत्तर आहे, वायरीला. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की वायर चौपट तापते. ती किती सोसेल ते तिच्या जाडीवर ठरतं, आणि फ्यूज त्या जाडीला बघून निवडायचा असतो. टोकाला काय जोडलंय याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. निम्म्या वर्गाला हे पटायचं, उरलेला निम्मा मार्कांपुरता मान डोलवायचा.

मला स्वतःला ते हाताने कळलं मोटारीत. मोटारीतला फ्यूज पहिल्यांदा पाहिला तो मामांच्या पद्मिनीत. चिनीमातीची बोटाच्या पेराएवढी गोळी आणि तिच्या अंगावर उघडी धातूची पट्टी. पट्टी जळली की मामा सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गोळीला गुंडाळत आणि वायपर पुन्हा हलू लागे. कोल्हापूर नाक्यावरचा ऑटो इलेक्ट्रिशियन तो कागद सोलून काढायचा, मामांकडे न बघता खिडकीबाहेर टाकायचा आणि मग कामाला लागायचा. त्याच्याकडे मीटर नव्हता. एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी. एक चिमट्याने बॉडीला, दुसरीच्या टोकाला सुई. सुई टेकवली आणि बल्ब पेटला की तिथवर करंट आहे. मला नवल वाटायचं ते त्या चिमट्याचं. घरात दोन वायरी लागतात आणि इथे एकच कशी? तो म्हणाला, "दुसरी वायर म्हणजे ही अख्खी गाडी." बॅटरीचं निगेटिव्ह पत्र्याला बांधलेलं, त्यामुळे पत्रा सगळीकडे परतीची वाट. हे सोयीचं, आणि धोक्याचंही तेवढंच. सोललेली वायर कुठेही टेकली की तिथेच शॉर्ट.

नोकरीसाठी पुण्यात आले आणि नव्वदच्या दशकात आम्ही जुनी मारुती ८०० घेतली. तिचे हेडलाइट मिणमिणते. रात्री कराडला जायचं तर खंबाटकीच्या वळणावर रस्त्यापेक्षा अंदाजच जास्त. सगळे म्हणाले, नाना पेठेत जा, शंभर-नव्वद वॅटचे बल्ब टाक. गेले. तिथल्या एका मिस्त्रींनी बल्बचं खोकं हातात घेतलं आणि बाजूला ठेवलं. म्हणाले, "मॅडम, हिशेब येतो ना? मग करा." कंपनीचे बल्ब साठ वॅटचे. बारा व्होल्टला पाच अँपिअर एकेकाला. शंभरचे लावले तर एकेकाला आठाच्या वर, दोघांचे मिळून सोळा-सतरा. तेवढा प्रवाह जाणार कुठून? स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून, त्याच बारीक वायरींतून. फ्यूज उडणार, म्हणून कोणीतरी दहाच्या जागी वीसचा घालणार, आणि मग वितळायची पाळी स्विचची. "शिवाय समोरच्याच्या डोळ्यात जातो तो वेगळाच," ते म्हणाले, "आणि पोलिसाच्या डोळ्यात आला की पावती."

त्यांनी बल्ब साठचेच ठेवले आणि रिले बसवला. बॅटरीपासून वीतभर अंतरावर नवा फ्यूज, तिथून जाड वायर, रिलेच्या तीस नंबरला, सत्याऐंशीतून दिव्याकडे, पंच्याऐंशी अर्थला, आणि जुनी हेडलाइटची वायर शहाऐंशीला, फक्त रिलेला "चालू हो" सांगण्यापुरती. दिवे झळझळीत झाले, त्याच बल्बांत! घरी येऊन आकडेमोड केली तेव्हा समजलं. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या पाच मीटर तांब्याच्या वायरीचा रोध जेमतेम ०.०९ ओहम. घरातल्या २३० व्होल्टला तो खिजगणतीत नाही. पण दहा अँपिअर वाहिले की त्यात जवळजवळ एक व्होल्ट खर्ची पडतो, आणि मोटारीकडे असतात मुळात बारा. वर जुन्या स्विचचे झिजलेले संपर्क. आमच्या बल्बांना अर्धपोटी ठेवलं होतं, आणि सगळा गाव नवीन बल्ब सुचवत होता.

मिस्त्रींचं आणखी एक शास्त्र होतं: ते मूळ वायरिंगला ब्लेड लावत नसत. चालत्या वायरीचं कातडं सोलायचं, नवी गुंडाळायची, वर काळी टेप, हा सगळ्या देशाचा आवडता जोड. रस्त्यावरच्या तारांवर आकडा टाकतात त्याचंच हे चारचाकी रूप. उन्हाने टेपचा गोंद सुटतो, कोकणात गेलात तर दमट हवेने तांबं हिरवं पडतं, आणि तो जोड सीटखाली नेमका कुठे आहे हे जोडणाऱ्यालाही आठवत नाही. सोल्डरचंही त्यांना प्रेम नव्हतं. गाडी हादरते, सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि तुटते. थिंबल दाबून बसवायचं, वर स्लीव्ह चढवून तापवायची, एवढंच ते मानत.

आमच्या भाऊजींच्या गाडीत हे काही पाळलं गेलं नव्हतं. नवी गाडी, आणि एका सजावटीच्या दुकानातून पायाशी निळे दिवे, डिकीत अँप्लिफायर. दुकानदाराने अँप्लिफायरची वायर सरळ बॅटरीला जोडली होती, मध्ये फ्यूज नाही, आणि इंजिन नि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून आत घेतली होती, रबरी बुश न लावता. पत्र्याची धार गाडीच्या प्रत्येक हिसक्याला वायर कापत राहिली. घाटात डॅशबोर्डखालून धूर आला. गाणी चालूच होती, भाऊजी सांगतात, कारण कुठलाच फ्यूज उडाला नव्हता. त्या वाटेवर उडायला होतंच कोण? जवळ दहाचा पाना होता म्हणून बॅटरीची वायर सोडवता आली. आधी निगेटिव्ह सोडवायची हे त्यांना ठाऊक होतं, कारण निगेटिव्हवरचा पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही, पॉझिटिव्हवरचा लागला तर ठिणग्यांचा पाऊस. पुढे वायरिंगच्या वॉरंटीचा दावा कंपनीने नाकारला. त्यावर भाऊजी चिडले. मला तरी कंपनीचं चुकलं असं वाटलं नाही.

आता माझ्याकडे आहे त्या गाडीत गेल्या वर्षी डॅशकॅम लावायचं ठरलं, तेव्हा ते काम मी स्वतः केलं. निवृत्त बाईला वेळ भरपूर. ग्लव्ह बॉक्समागचं फ्यूजबॉक्स उघडलं की बांगड्यांच्या दुकानात आल्यासारखं होतं: साडेसात तपकिरी, दहा लाल, पंधरा निळा, वीस पिवळा, तीस हिरवा. हे पात्यांचे फ्यूज १९७०च्या दशकात अमेरिकेत निघाले आणि रंगांची ही रीत आता जगभर सारखीच. हल्ली वायर न कापता त्यातून फाटा काढता येतो. फ्यूज टॅप म्हणून एक छोटी वस्तू मिळते: मूळ फ्यूज काढून त्या जागी ती खोचायची, तिच्या खालच्या खाचेत मूळ फ्यूज, वरच्या खाचेत नव्या वायरीसाठी नवा. गाडी विकताना टॅप काढला की सगळं पूर्ववत.

दिसतं सोपं, पण बारकावे आहेत. फ्यूज मिनी आहे, बुटका मिनी आहे की मायक्रो, त्या मापाचाच टॅप हवा. जाड पातं दामटलं तर खाच फाकते, संपर्क ढिला होतो, आणि ढिला संपर्क तापतो. मग दिशा. फ्यूज काढल्यावर ज्या खाचेत मीटर बारा व्होल्ट दाखवतो ती पुरवठ्याची बाजू. टॅप अशा रीतीने बसवायचा की दोन्ही फ्यूजना तिथूनच स्वतंत्र घास मिळेल. उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही; पण त्याचा प्रवाह मूळ फ्यूजमधूनही जातो आणि त्या बिचाऱ्यावर दोघांचा भार पडतो. सरळ बसला तरी मागून येणारी वायर दोघांना मिळून एकच असते, तेव्हा नवा भार लहानच राखायचा. मी फाटा काढला तो डॅशबोर्डवरच्या बारा व्होल्टच्या सॉकेटच्या फ्यूजवरून, जो चावी फिरवल्याशिवाय जागा होत नाही. कॅमेऱ्याच्या वायरीला दोन अँपिअरचा फ्यूज, करड्या रंगाचा. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा कॉम्प्युटर यांच्या खाचांकडे मी वळले नाही. पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या; तिथे नाक्यावरचा तो बल्ब टेकवणं म्हणजे संकटाला बोलावणं. मीटर वापरायचा.

उभ्या गाडीतही कॅमेरा चालू ठेवायची सोय असते, त्यासाठी कायम करंटची आणखी एक वायर लागते. ती मी जोडली नाही. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, बाराच्या खाली गेली की तिच्यात फारसं उरलेलं नसतं, आणि आमच्या सोसायटीत गाडीला धोका असेलच तर शेजाऱ्यांच्या क्रिकेटचा. त्याचं चित्रीकरण करून कोणाला दाखवणार?

भाचा विजेवरची गाडी घेऊन आला तेव्हा बॉनेट उघडून म्हणाला, "मावशी, आता यात बघ काय करता येतं." नारिंगी वायरी दिसल्या. तिथे काही करता येत नाही, येऊ नये. तीनशे-चारशे व्होल्टशी घरगुती ओळख काढायची नसते. पण कोपऱ्यात तीच जुनी बारा व्होल्टची बॅटरी होती, दिवे, हॉर्न, काचा सांभाळत, आणि तिच्या शेजारी तेच रंगीत फ्यूज.

आता लेक कोकणात निघालीय. टायरमध्ये हवा भरायचा पंप मागवलाय आणि सॉकेटमध्ये लावून बघू का, विचारतेय. खोक्यावर लिहिलंय दीडशे वॅट. सॉकेटच्या झाकणावर काय लिहिलंय ते मी तिलाच वाचायला लावलं.

"एकशेवीस."

"मग?"

"मग पंधराचा फ्यूज टाकू?"

"आणि मागची वायर कोण बदलणार?"

ती थोडा वेळ खोक्यातलं सामान चाळत राहिली. खाली प्लास्टिकच्या पिशवीत लाल-काळे चिमटे निघाले, थेट बॅटरीला लावायचे. आता त्या लाल वायरीत फ्यूज आहे का, ते चाचपून बघतेय.