बोट लागू नये म्हणून

जहाजाच्या सहलीसाठी आज आई-बाबांच्या बॅगा भरल्या. आम्हा सोलापूरकरांना पाणी ठाऊक ते उजनी धरणाचं. समुद्रावर रात्र काढायची दोघांची पहिलीच वेळ. सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला उतरवते, जहाज सुटतं ते बॅलार्ड पिअर तिथून जवळच, तरी तिकीट एक दिवस आधीचं काढलं. गाडी लेट झाली म्हणून जहाज थांबत नाही.

जास्त वेळ गेला औषधांवर. मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात, खोलीत पोचायला कधी संध्याकाळही होते. म्हणून बाबांच्या बीपीच्या गोळ्या, मूळ आधार कार्ड, चष्मा, एक जोड कपडे खांद्यावरच्या पिशवीत. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून आणली. ती मळमळ सुरू व्हायच्या आधीच घ्यायची असते. खोलीही मुद्दाम खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्याशी मागितली. तिथे हेलकावे कमी.

आईची शेंगाचटणीची पुडी बाजूलाच आहे. चालते का, जहाज कंपनीला विचारून मगच भरू. इस्त्री मात्र घरीच, आगीच्या भीतीने ती नेऊ देत नाहीत.

घरातली वडीलधारी माणसं पाठवत असाल, तर जहाजावरची सुरक्षा कवायत चुकवू नका, एवढं त्यांना नक्की सांगा.